टीव्ही घेताना आधी त्याची पाठ बघा

दसरा जवळ आला की या सदराकडे टीव्हीची पत्रं वाढतात. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हापासून मोठा पडदा घ्यायचं मनावर घेतलेली घरं आणखी वाढली आहेत. यंदाच्या पत्रांत एकच गाऱ्हाणं पुन्हापुन्हा दिसलं: चित्र झकास, पण बोलणं कळत नाही. म्हणून या वेळी चित्राचं थोडं आणि आवाजाचं जास्त.

प्रश्न : आमचा 32 इंची टीव्ही बंद पडला. मुलं म्हणतात 55 इंची घ्या. सोफ्यापासून टीव्हीची भिंत साडेसात फुटांवर आहे. वडिलांनी 1984 साली घेतलेला स्टिरिओ अँप्लिफायर आणि दोन लाकडी बॉक्स घरात आहेत, अजून वाजतात. दुकानदार म्हणतो, नव्या टीव्हीला हे लागतच नाही, भंगारात द्या आणि साउंडबार घ्या. वडील आता 79 वर्षांचे आहेत. मालिकेतले संवाद त्यांना समजत नाहीत, आवाज वाढवला की पार्श्वसंगीतच वाढतं. जुना सेट खरंच जोडता येत नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जोडता येतो. भंगारात मुळीच देऊ नका.

आधी पडद्याचं उरकून टाकू. पडद्याचा कर्ण जितका, त्याच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतरावर बसलं तर डोळ्यांना बरं पडतं. 55 इंचांना साधारण सात ते आठ फूट. तुमचं अंतर त्यात बसतं, मुलांचं म्हणणं बरोबर आहे. तरी पैसे मोजण्याआधी 122 सेंटिमीटर रुंद आणि 69 सेंटिमीटर उंच असा वर्तमानपत्रांचा तुकडा चिकटवून भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. वडिलांना त्यांच्या नेहमीच्या जागेवर बसवून विचारा. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत यावा, म्हणजे खालची कड जमिनीपासून सुमारे 70 सेंटिमीटरवर. शोकेसच्या वर, छताखाली टांगलेला टीव्ही बघून म्हाताऱ्या माणसांच्या माना धरतात, हे मी घरोघरी पाहिलं आहे.

आता आवाज. तुमच्या जुन्या टीव्हीला काचेच्या शेजारी, समोर तोंड करून स्पीकर असतील. नवे टीव्ही इतके पातळ झालेत की स्पीकरला समोर जागाच उरलेली नाही. तो खाली किंवा मागे तोंड करून बसवतात. आवाज भिंतीवर, टेबलावर आपटून आपल्याकडे येतो आणि बोलण्यातली ‘स’, ‘त’, ‘च’ ही बारीक टोकं वाटेतच बोथट होतात. वडिलांचे कान थकले असतील, तरी निम्मा दोष टीव्हीचा आहे. समोर तोंड असलेले दोन लाकडी बॉक्स हा त्यावरचा उपाय, आणि तो तुमच्या घरात आधीच आहे.

म्हणून दुकानात गेलात की चित्र बघण्याआधी टीव्हीची पाठ बघा. भिंतीवर लावलेला असेल तर मोबाइलचा टॉर्च मारून बघा. तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, ‘ऑप्टिकल’ लिहिलेलं चौकोनी सॉकेट, त्याला बारीकशी झडप असते. दुसरी, एचडीएमआयच्या सॉकेटांपैकी ज्याच्यावर ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ लिहिलंय ते एक, त्याच वायरीतून टीव्हीचा आवाज बाहेरही जातो. तिसरी, कानातल्या इअरफोनचं गोल भोक. ते आता बऱ्याच टीव्हींतून गेलंय, पण असेल तर फार कामाचं. लाल-पांढरी-पिवळी भोकं दिसली तर फसू नका. ती बहुतेक वेळा आत घेण्याची असतात, बाहेर देण्याची नाहीत. त्यांत अँप्लिफायरची वायर खुपसून ‘आवाज येत नाही’ म्हणणारे दर महिन्याला दोघे-तिघे तरी माझ्याकडे येतात.

टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटातून बाहेर येणारा आवाज आकड्यांच्या रूपात असतो आणि तुमच्या 1984 च्या अँप्लिफायरला ते आकडे कळत नाहीत. मध्ये दुभाष्या लागतो. त्याला ‘डॅक’ म्हणतात. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा डबा, साधा 500 ते 1,000 रुपयांच्या आसपास मिळतो. एका बाजूला टीव्हीची ऑप्टिकल वायर, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी जोडी, आणि चालायला मोबाइलच्या चार्जरसारखी पिन. लाल-पांढरी जोडी अँप्लिफायरच्या मागे ‘ऑक्स’, ‘ट्यूनर’ किंवा ‘टेप’ यांपैकी कुठेही लावा, ‘फोनो’त मात्र लावू नका. तबकडीच्या सुईतून येणारा प्रवाह जेमतेम 0.005 व्होल्टचा, तो मोठा करायला फोनोची जागा केलेली असते. डॅक दोन व्होल्टपर्यंत देतो. तो फोनोत घातला की आवाज फाटतो, सगळं घुमतं, आणि माणसं म्हणतात जुना अँप्लिफायर गेला. त्या काळच्या काही सेटना लाल-पांढऱ्याऐवजी पाच पिनांचं गोल सॉकेट असायचं. तसं असलं तर गोल पिनेची लाल-पांढरी कॉर्ड मिळते. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हमखास मिळेल.

ऑप्टिकल वायरीत तांब्याची तार नसते, तिच्यातून लाल उजेड जातो. टीव्ही चालू करून वायरीचं मोकळं टोक तळहातावर धरा, लाल ठिपका दिसला म्हणजे टीव्ही बोलतोय. नवी वायर घेतली की दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लॅस्टिकच्या इवल्याशा टोप्या असतात. गेल्या वर्षी आमच्या सांगलीत, विश्रामबागेत एका आजींच्या घरी गेले होते. दोन कारागीर येऊन गेलेले, दुसरा डॅक आणलेला, तरी बॉक्स गप्प. मी वायर काढून उजेडात धरली. एका टोकाची टोपी तशीच होती आणि झडपेत दाबून चपटी झालेली. नखाने सोलली, परत लावली, ‘टक्’ असा बसल्याचा आवाज आला आणि लगेच बातम्या सुरू झाल्या. आजींनी आधी माझा हात धरला, मग टीव्हीकडे बघितलं. तर टोप्या काढा, वायरीला तीव्र घडी घालू नका, आणि टोक झडपेच्या आकाराशी जुळवूनच आत ढकला. जोर लागला तर दिशा चुकली आहे असं समजा.

सगळं जोडूनही आवाज आला नाही किंवा नुसती खरखर आली, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘साउंड’मध्ये जाऊन ‘डिजिटल ऑडिओ आउटपुट’ शोधा आणि ते ‘पीसीएम’वर ठेवा. ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी’वर असलं तर साध्या डॅकला ती भाषा येत नाही. सेट टॉप बॉक्सलाही असंच सेटिंग असतं, तेही ‘स्टिरिओ’ करा. टीव्हीतलं ‘सराउंड’ बंद ठेवा. त्याने आवाज पसरतो आणि बोलणं विरतं.

अडचण एकच उरते, रिमोटची. ऑप्टिकलमधून आवाज बहुधा एका ठरलेल्या पातळीवर येतो, टीव्हीच्या रिमोटने कमीजास्त होत नाही. मग दर जाहिरातीला कुणीतरी उठून अँप्लिफायरचं बटण फिरवायचं. 79 वर्षांच्या माणसाला हे सांगता येणार नाही. तीन वाटा आहेत. इअरफोनचं भोक असेल तर तिथून लाल-पांढरी कॉर्ड काढा, रिमोट चालतो आणि डॅकही लागत नाही. नसेल तर स्वतःचा छोटा रिमोट असलेला डॅक घ्या, थोडा महाग पडतो. तिसरी वाट म्हणजे काही टीव्हींत ऑप्टिकलचा आवाज रिमोटने बदलता येईल असं सेटिंग असतं. दुकानातच मेनू उघडून बघा. खरेदीच्या आधी ही पाच मिनिटं घालवलीत तर वडिलांचं पुढचं सगळं सोपं होईल.

आता बॉक्स. पुढची जाळी काढून मोठ्या स्पीकरच्या पडद्याभोवतीची कड बघा. फोमची असेल तर इतक्या वर्षांत तिचा भुगा झालेला असतो, ती बदलून मिळते. कापडाची किंवा रबराची असेल तर बहुधा शाबूत असेल. मग दोन्ही बॉक्सच्या वायरी तपासा. लाल लालला, काळी काळीला. एका बॉक्सची उलटी लागली असेल तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो, खर्ज गायब होतो आणि माणसाचा आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. वायरीवर खूण नसेल तर ती अँप्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलला क्षणभर टेकवा. पडदा पुढे आला तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली वायर लाल. ही युक्ती मला बाबांनी दहाव्या वर्षी दाखवली, गणपती पेठेतल्या त्यांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात. स्पीकरचा काळा कागद श्वास घेतल्यासारखा हलला आणि मला वाटलं तो जिवंत आहे. आज दुकान मी चालवते आणि अजूनही प्रत्येक बॉक्स असाच तपासते.

बॉक्स टीव्हीच्या दोन्ही बाजूंना ठेवा, कपाटाच्या माथ्यावर नकोत. बारका स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा. दोन बॉक्समध्ये सहा-सात फूट अंतर असलं आणि वडिलांची खुर्ची मधोमध असली, की संवाद नेमका पडद्याच्या मध्यातून आल्यासारखा वाटतो, तिथे स्पीकर नसतानाही.

एवढं सविस्तर लिहिण्यामागे एक कारण आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या पेठेत पाणी शिरलं. ओसरल्यावर लोकांनी चिखलाने भरलेले सेट आणून दुकानापुढे रांग लावली. भिजलेले एलईडी टीव्ही जवळजवळ सगळे सोडून द्यावे लागले, पॅनेलमध्ये पाणी गेलं की करण्यासारखं काही राहत नाही. जुने अँप्लिफायर मात्र मी उघडले, स्वच्छ पाण्याने धुतले, गच्चीवर आठवडाभर वाळवले, वीज साठवणारे कपॅसिटर बदलले, आणि त्यांतले बरेचसे वाजले. ज्या वस्तूचा प्रत्येक स्क्रू निघतो आणि प्रत्येक भाग बाजारात मिळतो, ती वस्तू कुणी ‘लागत नाही’ म्हणून टाकायला लावली की मला मनापासून वाईट वाटतं. मात्र तुमचाही सेट बरीच वर्षं बंद असेल तर चालू करण्याआधी एकदा जाणत्या कारागिराला दाखवा. आतले जुने कपॅसिटर सुकलेले असू शकतात.

साउंडबारला माझा विरोध नाही. घरात काहीच नसेल तर तो घ्यावाच. पण घेताना मधला, फक्त बोलण्यासाठीचा स्पीकर असलेला घ्या. खोक्यावर 2.1 नव्हे, 3.1 लिहिलेलं असतं. धडधड करणारा मोठा वूफर दुकानात छान वाटतो, संवाद मात्र मधल्या स्पीकरमुळेच कळतो.

प्रश्न : साउंडबार घेतला, ब्लूटूथने जोडला. बायको म्हणते, माणसं आधी तोंड हलवतात आणि मग बोलतात. मला तसं वाटत नाही. कोण बरोबर?
– एक वाचक, दादर

उत्तर : वहिनी बरोबर. ब्लूटूथला आवाज बांधायला, पाठवायला आणि पलीकडे सोडायला वेळ लागतो, साध्या जोडणीत सेकंदाचा पाचवा-सहावा भाग सहज जातो. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत यावर आकडे दिलेले आहेत: आवाज चित्राच्या 125 मिलिसेकंद मागे पडला की माणसाला जाणवायला लागतं, आणि पुढे गेला तर 45 मिलिसेकंदांतच जाणवतं. मागे पडलेलं आपण जास्त खपवून घेतो, कारण निसर्गात तसंच घडतं. लहानपणी आम्ही कृष्णेच्या घाटावर बसायचो. पलीकडच्या काठाला बायका धुणं आपटायच्या. कापड दगडावर पडलेलं दिसायचं, हात परत वर जायचा आणि तेव्हा कुठे ‘धप्’ ऐकू यायचं. आवाज शंभर मिलिसेकंदांत 34 मीटर जातो. तुमच्या हॉलमधला साउंडबार ब्लूटूथमुळे जणू साठ-सत्तर मीटर लांब जाऊन बसलाय.

ब्लूटूथ सोडा, एचडीएमआयची वायर लावा. टीव्हीकडचं टोक एआरसी लिहिलेल्या सॉकेटातच गेलं पाहिजे, साउंडबारकडचंही तसंच, दुसऱ्या सॉकेटात चालणार नाही. मग टीव्हीच्या मेनूत सीईसी नावाची सोय चालू करा. प्रत्येक कंपनीने तिला आपलं नाव ठेवलंय: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. ती बंद असेल तर बऱ्याच टीव्हींवर एआरसी जागंच होत नाही, आणि माणसं वायर बदलत बसतात. चालू झाली की टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमीजास्त होईल, टीव्ही बंद केला की तोही झोपेल.

ई-एआरसीसाठी टीव्ही बदलू नका. साधं एआरसी 2009 साली आलं, ई-एआरसी 2017 च्या मानकात. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आल्यासारखा वाटणारा आवाज) ज्या दाबलेल्या रूपात येतो, तो साध्या एआरसीतूनही जातो, मात्र टीव्हीने तो पुढे सोडायला हवा. ऑप्टिकलमधून तो जात नाही, तिथे साध्या 5.1, म्हणजे सहा स्पीकरांच्या आवाजापर्यंतच मजल. ब्लू-रेच्या तबकड्या लावणाऱ्यांनाच ई-एआरसीचा खरा उपयोग.

वायर लावूनही थोडा फरक राहिला तर ‘एव्ही सिंक’ नावाचं सेटिंग शोधा. ते लावताना बातम्या देणारी निवेदिका लावा आणि तिच्या ‘प’, ‘ब’, ‘म’कडे बघा. ओठ मिटतात ती अक्षरं. आणि त्या वेळी रिमोट वहिनींच्या हातात द्या, त्यांचे डोळे-कान या कामाला जास्त तयार आहेत.

प्रश्न : टीव्हीच्या इअरफोनच्या भोकातून अँप्लिफायरला वायर दिली आहे. आवाज छान, पण मागे सतत ‘गूंऽऽ’ असा घुमारा. टीव्ही बंद केला तरी राहतो. शिवाय मे महिन्यात गडगडाट सुरू झाला की भीती वाटते.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : टीव्ही, सेट टॉप बॉक्स सगळं चालू ठेवा आणि बॉक्सच्या मागची केबलची किंवा डिशच्या छत्रीची गोल वायर पिळून काढा. घुमारा गेला? मग कारण सापडलं. त्या वायरीची जाळी बाहेर कुठेतरी जमिनीला लागलेली असते, तुमचा अँप्लिफायर घरातल्या अर्थिंगला. दोन अर्थिंगांमध्ये थोडा जरी फरक असला तरी तो प्रवाह तुमच्या आवाजाच्या वायरीतून वाट काढतो आणि 50 हर्ट्झची वीज ऐकू येते. उपाय सोपा आहे: टीव्हीला ऑप्टिकल असेल तर ऑप्टिकल आणि डॅक लावा. उजेडातून वीज जात नाही, घुमारा तिथेच तुटतो.

घुमारा घालवायला अँप्लिफायरच्या तीन पिनांतली अर्थिंगची जाड पिन कापणारे कारागीर मी पाहिले आहेत. कुणी असं सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. ती पिन जीव वाचवायला असते. घुमाऱ्याबरोबर अँप्लिफायरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासा, टीव्ही नंतर.

गडगडाट ऐकू येण्याआधीच, आभाळ भरून आलं की प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. छत्रीची वायरही सोडवा, हे बहुतेक जण विसरतात, आणि वीज तिथूनच आत येते. कोकणात आणखी एक. खारी दमट हवा पिनांवर हिरवट थर चढवते. दर दोन महिन्यांनी सगळं बंद करून प्रत्येक पिन चार वेळा आत-बाहेर करा, कोरड्या सुती फडक्याने पुसा.

प्रश्न : एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी यांत गोंधळ होतो. घरात दिवसभर बातम्यांचं चॅनल चालू असतं. हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ओएलईडी घेऊ नका. त्याचं काळं खरोखर काळं असतं, रात्री अंधारात सिनेमा बघणाऱ्याला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण त्यात प्रत्येक ठिपका स्वतः जळून उजेड देतो. बातम्यांच्या चॅनलचं बोधचिन्ह आणि खालची सरकती पट्टी रोज दहा तास एकाच जागी राहिली तर तिथले ठिपके लवकर थकतात आणि त्यांची सावली पडद्यावर कायमची उमटू शकते. शिवाय पश्चिमेच्या उन्हापुढे त्याची काच आरशासारखी होते. एलईडी आणि क्यूएलईडी हे दोन्ही मागून दिवे लावलेले एलसीडीच, क्यूएलईडीत रंगांसाठी आणखी एक थर. भरपूर उजेड देणारा असा टीव्ही तुमच्या घराला योग्य. माणसं आडवी-तिरपी, दिवाणावर, जमिनीवर बसत असतील तर आयपीएस पॅनेल मागा, बाजूने रंग उतरत नाहीत. सगळे समोर बसत असतील तर व्हीए, त्याचं काळं जास्त गडद.

दुकानात मोर आणि धबधबे दाखवतात, त्यावरून ठरवू नका. तुमचं नेहमीचं साधं चॅनल लावायला सांगा. साध्या एसडी प्रसारणात 720 गुणिले 576 ठिपके येतात, फोर-केच्या पडद्यावर 3840 गुणिले 2160. म्हणजे वीस ठिपक्यांतले एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरायचे. ते कसे भरतो यावर टीव्हीची खरी पारख होते, आणि तुम्ही दिवसभर तेच बघणार आहात.

प्रश्न : दिवाळीला भारतात येतोय. आईबाबांसाठी इथून टीव्ही आणावा का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नको. तिकडचे काही टीव्ही 120 व्होल्टवरच चालतात, ट्यूनर निराळा, इकडे वॉरंटी नाही, आणि ऑगस्ट 2013 मध्ये सामानातल्या फ्लॅट टीव्हीवरची करसवलत काढली गेली. टीव्ही इकडेच घ्या. तुम्ही आठ दिवस घरी असाल तर त्यातला एक दिवस जोडणीला द्या, सगळ्या वायरींना कागदी चिठ्ठ्या बांधा आणि मागच्या बाजूचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा. पुढे फोनवर ‘आई, लाल वायर कुठे आहे?’ असं विचारायची वेळ आली तर तोच फोटो कामाला येईल.

प्रश्न : आई 82 वर्षांची आहे, कानाला मशीन आहे. तिला ऐकू जावं म्हणून आवाज 60 वर ठेवतो, तर बाकीच्यांना बसवत नाही आणि मुलांचा अभ्यास होत नाही. आई आता म्हणते, राहू दे, मी नुसती बघत बसते. काही करता येईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : करता येईल, आणि याच आठवड्यात करा. ‘नुसती बघत बसते’ हे वाक्य वाचून मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

आवाज मोठा करू नका, जवळ आणा. आठ फुटांवरून येणारा आवाज भिंती, फरशी, पंखा यांत मिसळून येतो आणि कानाचं मशीन ते सगळंच मोठं करतं. तोच आवाज दोन फुटांवरून आला तर बोलणं वेगळं पडतं. आईच्या खुर्चीशेजारी एका छोट्या स्टुलावर वायरीने चालणारा, स्वतःचं आवाजाचं बटण असलेला लहान स्पीकर ठेवा, संगणकाला लावतात तसा. टीव्हीच्या इअरफोनच्या भोकातून किंवा ऑप्टिकल आणि डॅकमधून त्याला वायर द्या. ब्लूटूथ नको, ओठ आणि आवाज जुळले नाहीत तर ओठांवरून मिळणारा आधारही जातो, आणि कमी ऐकू येणारी माणसं ओठ बरेच वाचत असतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘टीव्ही स्पीकर आणि ऑप्टिकल’ किंवा ‘स्पीकर आणि हेडफोन’ अशी एकत्र निवड बऱ्याच टीव्हींत असते. ती केली की टीव्हीचा आवाज घराला हवा तेवढा, आईचा आईला हवा तेवढा. नवा टीव्ही घेणार असाल तर ही निवड आहे का, ते दुकानात मेनू उघडून बघा आणि मगच पैसे द्या. काही नव्या टीव्हींतून ठरावीक कानाच्या मशीनमध्ये थेट आवाज जातो. तुमच्या आईचं मशीन त्यात बसतं का, ते मशीन जिथून घेतलं तिथे विचारा.

वायर पायात येणार नाही अशी भिंतीच्या कडेने, टेपने चिकटवत न्या. मग आईला तिची मालिका लावून द्या, बटण तिच्याच हाताने फिरवू द्या, मध्ये बोलू नका. ती ‘आता कळतंय’ म्हणेल तिथे बटणावर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका द्या आणि त्याच्यासमोर स्पीकरच्या अंगावर दुसरा. कुणी पुसताना बटण हललं तरी तिला दोन ठिपके समोरासमोर आणता येतील.